शेकोटी, रिव्हिजन सात

चेन्नईत शेकोटी करायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमचा घरमालक होता.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पंखा फिरत असूनही बनियन अंगाला चिकटत होता, म्हणून मी वर्तमानपत्राने वारा घेत मागच्या जिन्यात येऊन बसलो. खाली परसात भुजंगराव उकिडवे बसले होते. त्यांनी जमिनीत एक खिळा ठोकला होता, खिळ्याला सुतळी बांधली होती आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाशी रांगोळीची पुरचुंडी धरून ते सरकत सरकत वर्तुळ काढत होते. वय वर्षं बहात्तर. नारळाचं झाड मध्ये आलं तेव्हा त्यांनी झाडाकडे असं पाहिलं, की झाडानेच बाजूला व्हावं.

"काका, काय चाललंय?"

"शेकोटी," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "वो कुलकर्णी, शेकोटीला व्यास किती होणा?"

'होणा' म्हणजे पाहिजे. भुजंगरावांचं घराणं तीनशे वर्षं तंजावरात मुरलेलं, आणि त्यांची मराठीही तेवढीच मुरलेली. मी बँकेच्या बदलीवर सोलापूरहून वेस्ट मांबलमला आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहू लागलो, तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होतो. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की हे माझ्याशी मराठीतच बोलताहेत. तेही माझ्याविषयी तसंच काहीसं समजत होते. "तुमची मराठी समजायला थोडी कष्ट," ते मला म्हणाले होते, "पण तुम्ही हळूच बोललात तर समजतें."

संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली. निवृत्त झाले ते कारखान्यातून, ड्रॉइंगमधून नव्हे. घरात कुठलंही काम निघालं, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ड्रॉइंग होणा." मी भिंतीला कॅलेंडरसाठी खिळा मारायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी खिळ्याचं ड्रॉइंग मागितलं. मला वाटलं थट्टा आहे. संध्याकाळी तेच वर आले, भिंत मोजली आणि दुसऱ्या दिवशी मला एक कागद दिला. त्यात खिळा तीन बाजूंनी दाखवला होता. खाली कोपऱ्यात चौकट, चौकटीत त्यांची सही आणि 'रिव्हिजन शून्य' असा शेरा. गणपतीच्या आराशीचं ड्रॉइंग त्यांनी आपण होऊन केलं. बाजूने पाहिलेला गणपती, वरून पाहिलेला गणपती आणि सोंड ते मोदक हे अंतर मिलिमीटरमध्ये.

सुमनकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, गुडघा दुखू लागला, तेव्हा त्यांनी न्हाणीघरात धरायला पितळेची दांडी बसवली. तिचं ड्रॉइंग रिव्हिजन चारपर्यंत गेलं. दांडी उजव्या हाताला. काकू ती दांडी रोज चिंचेने घासून लख्ख ठेवायच्या. दांडी धरून उठताना मात्र कधी कोणी त्यांना पाहिलं नाही.

सुमनकाकू निफाडच्या. भुजंगराव दोन वर्षं नाशिककडे बदलीवर होते तेव्हा लग्न जमलं आणि निफाडच्या गारठ्यातली ही मुलगी उचलून मद्रासच्या घामात आणून ठेवली गेली. मूलबाळ नाही. काकू तमिळ शिकल्या, बसच्या पाट्या वाचत वाचत तमिळ अक्षरंही शिकल्या, कॉफी करायला शिकल्या. चाळीस वर्षं राहिल्या. आणि त्या वर्षी नवरात्रात भाच्याच्या मुलाच्या बारशाला म्हणून निफाडला गेल्या, त्या आल्या नाहीत.

बारसं होऊन महिना झाला. फोन रोज व्हायचा, सकाळी सातला, आणि तो भुजंगराव स्पीकर लावून घ्यायचे, त्यामुळे आम्हाला माडीवर ऐकू यायचा. "जेवण?" "झालं." "तब्येत?" "बरी." "कधी येतेस?" यावर काकू तिकडच्या हवेचं सांगायच्या. एका सकाळी म्हणाल्या, "इथं थंडी पडायला लागलीय. आम्ही सगळे संध्याकाळी अंगणात शेकोटीला बसतो. बरं वाटतं हो. तिथं काय आहे?"

दुसरा कोणी नवरा असता तर चिडला असता, नाहीतर तिकीट काढून निफाडला गेला असता. भुजंगरावांनी हे वाक्य तक्रार म्हणून नोंदवून घेतलं. घरात एक वस्तू कमी आहे, ती वस्तू शेकोटी, ती करून दिली की तक्रार निकाली. मला हे त्यांनी इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं की मी नुसती मान डोलावली.

खरी गोष्ट मात्र मला ठाऊक होती. काकू निघायच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोजवळ, वैशालीजवळ, बोलल्या होत्या. "वैशाली, या घरात दिवसभरात मला कोणी काही विचारत नाही गं. हे तर नाहीच. दूधवालासुद्धा हल्ली पिशवी कडीला अडकवून जातो." भावाने मागची खोली रिकामी करून दिली होती. त्या राहायलाच गेल्या होत्या. हे वैशालीला माहीत, तिच्यामुळे मला माहीत, आणि ज्यांना माहीत हवं ते खाली रांगोळीने वर्तुळ काढत बसलेले. सांगावं की न सांगावं, या विचारात मी पंधरा दिवस घालवले. जिन्यातून उतरताना सांगायचं ठरवायचो आणि खालच्या पायरीवर बेत बदलायचो.

मी महाराष्ट्रातला म्हणून शेकोटीचा तज्ज्ञ मीच. आता मी सोलापूरचा. आमच्याकडे ऊन हाच मुख्य ऋतू, बाकीचे त्याच्या मधल्या सुट्टीत येतात. कॉलेजच्या सहलीत एकदा शेकोटीला बसलो होतो, तेव्हा चपलेचा पट्टा वितळला. पण भुजंगराव वही आणि पेन्सिल घेऊन समोर बसले.

"शेकोटीचं काम काय?"

"ऊब घ्यायची."

"ऊब इथे असकी ठिकाणी आहे, घरात, परसात, जिन्यात. दुसरं काम?"

"दुसरं काही नाही. भोवती बसायचं."

"बसून?"

"बोलायचं."

"कोणच्या विषयावर?"

शेकोटीचा विषय काय असतो हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. "विषय असा नसतो काका," मी म्हणालो. "एकमेकांना काहीबाही विचारायचं. कसं आहे, कुठे दुखतंय, काय हवंय." हे बोलताना मी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. म्हटलं, कळलं तर कळलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि विचारलं, "सरि. आता खोली किती होणा?"

मी पुष्कळ सांगितलं, की शेकोटीला खोली नसते. काटक्या गोळा करायच्या, जमिनीवर ठेवायच्या आणि पेटवायच्या. ड्रॉइंग नसतं, विटा नसतात, काही नसतं. ते दयेने हसले. एवढी मोठी वस्तू, जिच्यासाठी बायको घर सोडून तिकडे राहते, ती नुसत्या काटक्यांची असेल यावर त्यांचा विश्वास बसेना.

खड्डा तीन फूट खणला गेला. चौथ्या दिवशी पाऊस आला. चेन्नईचा पाऊस दिवाळीनंतर येतो हे जन्मभर तिथे राहिलेल्या माणसाला मी काय सांगणार? खड्डा काठोकाठ भरला. पाऊस थांबला तरी पाणी जाईना, उलट खालून वर येऊ लागलं. मग बेडूक आला. शेजारच्या पट्टूमामींनी कुंपणावरून वाकून पाहिलं आणि सारांनी, म्हणजे भुजंगरावांनी, पावसाचं पाणी जिरवायला खड्डा केला म्हणून त्यांचं कौतुक केलं. पलीकडच्या फ्लॅटमधल्यांना वाटत होतं होमकुंड आहे. मला काय वाटत होतं ते मलाच सांगता येत नव्हतं. भुजंगराव छत्री धरून खड्ड्याच्या कडेला उभे होते आणि पाण्याची उंची मोजत होते.

रिव्हिजन दोनमध्ये खड्डा बुजवला. रिव्हिजन तीनमध्ये जमिनीच्या वर कट्टा आला. मग त्यांना साध्या विटा पसंत पडेनात. ओरगडमच्या एका कारखान्यात त्यांचा जुना सहकारी भट्टीवर सल्लागार होता. त्याच्याकडून ते भट्टीच्या चाळीस विटा घेऊन आले, दोन खेपा करून, बसने. "या विटा बाराशे डिग्रीला काही होत नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, काका, समोर काकू बसणार आहेत, लोखंड वितळवायचं नाही. त्यांनी हेही लिहून घेतलं आणि रिव्हिजन पाचमध्ये बसण्याची जागा दीड फूट मागे सरकवली.

लाकडं चेन्नईजवळच्या कोवलमहून आली. सुरूचं लाकूड तिकडे चांगलं मिळतं असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं, आणि ते आणायला मिळाली मासळीची गाडी. बर्फाच्या पाण्यात भिजलेली ती लाकडं परसात रचली, तेव्हा गल्लीतली झाडून सगळी मांजरं येऊन त्यांच्यावर बसली. पट्टूमामींनी तीन दिवस आमच्याकडची खिडकी उघडली नाही. भुजंगरावांनी मांजरांना हुसकलं नाही, फक्त ड्रॉइंगमध्ये लाकडांची जागा बदलली. रिव्हिजन सात.

पौष लागला. चेन्नईत पहाटे बावीस डिग्री झालं आणि म्हातारी माणसं कानटोपी घालून दूध आणायला निघाली. भुजंगराव रोज पहाटे पाचला परसात उभे राहून तापमान टिपू लागले. आणि एका सकाळी सातच्या फोनवर काकू म्हणाल्या, "भोगीच्या आदल्या दिवशी येते. दहा दिवस राहीन. माझं सामान घेऊन जाईन म्हणते. दादाने परतीचं तिकीट काढलंय."

फोन बंद झाला. मी जिन्यातून डोकावलो. भुजंगराव फोनसमोर बसले होते. मला पाहून म्हणाले, "सामान मणजे कोणतं सामान?"

मला इतकं वाईट वाटलं की सांगायचं ठरवलेलं सगळं मी गिळून टाकलं. म्हणालो, "काका, शेकोटी पूर्ण करा."

काकू आल्या. पिशवीत निफाडची वांगी, गाजरं, ओला हरभरा, तीळ आणि बाजरीचं पीठ, भोगीच्या भाजी-भाकरीसाठी. त्यांनी कट्टा पाहिला आणि "हे काय?" म्हणून विचारलं. भुजंगराव म्हणाले, "उद्या सकाळी पांचला." एवढंच. काकूंनी वैशालीकडे पाहिलं, वैशालीने माझ्याकडे, मी नारळाच्या झाडाकडे. काकू आत गेल्या आणि कपाटातली पातळं काढून पलंगावर रचू लागल्या.

आता पहाटे पाच ही वेळ भुजंगरावांनी तापमानाच्या नोंदी पाहून काढली होती. सगळ्यात थंड वेळ ती. पण तमिळ लोकांची भोगी म्हणजे पहाटे दारात जुनं-पुराणं जाळायचं, हे जन्मभर तमिळनाडूत राहिलेला माणूस त्या तापमानाच्या नादात साफ विसरून गेला. आमची भोगी भाजी-भाकरीची, त्यामुळे मलाही आठवलं नाही.

पाचला भुजंगरावांनी इस्त्रीचा शर्ट घालून कट्ट्यात काडी टाकली. लाकूड धुमसलं. दहा मिनिटांनी मागचं फाटक वाजलं आणि पट्टूमामी आत आल्या. हातात दोन फाटक्या चटया, एक केरसुणी आणि मोडकं सूप. मागून फ्लॅटमधले सात-आठ जण. सगळ्यांचे चेहरे आनंदाने फुललेले. दोन महिने सार कशासाठी कट्टा बांधत होते ते एकदाचं कळलं होतं. "गल्लीसाठी केवढा खर्च केलात सार," मामी तमिळमध्ये म्हणाल्या आणि चटई आत टाकली.

"नको, नको," भुजंगराव दोन्ही हात पसरून कट्ट्यासमोर उभे राहिले. "ड्रॉइंगमध्ये चटई नाही."

कोणी ऐकलं नाही. टोपली आली, खोक्याची फळी आली, कोणाच्या तरी आजोबांची आरामखुर्ची आली. एकाने टायर आणला, तो मात्र भुजंगरावांनी मिठी मारून परत पाठवला. पोरं ताशा बडवत होती, धूर नारळाच्या शेंड्यापर्यंत गेला होता आणि चाळीस वर्षांत बायकोशी बोलायला राखून ठेवलेल्या पहिल्या सकाळी त्या माणसाच्या परसात सगळी गल्ली उभी होती. मी जिन्यात होतो. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. अंगावर निफाडची शाल. त्यांनी धुरात उभा असलेला नवरा पाहिला, इस्त्रीच्या शर्टाला काजळी, बगलेत कोणाची तरी केरसुणी, आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना.

साडेसहाला लोक गेले. चटयांची राख झाली होती, सुरूचं लाकूड अजून धुमसतच होतं. उजाडलं होतं, गाडीचा भोंगा मांबलम स्टेशनाकडून ऐकू आला. काकूंनी पाट आणून कट्ट्याजवळ ठेवला, ड्रॉइंगमधल्या जागेपेक्षा बराच जवळ, आणि बसल्या. आम्हालाही हाक मारली. आम्ही चौघं बसलो.

भुजंगरावांनी घसा साफ केला. खिशातून घडी केलेला कागद काढला, चष्मा शोधला, तो धुराने काळा झालेला होता. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "वाचा वो."

मी उघडला. भाषा मराठीच असावी, पण अक्षरं तमिळ. त्यांच्या घरात मराठी तशीच लिहीत. मला त्यातलं एकही अक्षर कळेना. फक्त आकडे कळले. एक ते पाच. मी कागद काकूंकडे दिला.

काकूंनी आधी सगळा मनात वाचला. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागल्या.

"एक. तुझा कोणचा गुडघा दुखतो?" त्यांनी वर पाहिलं. "डावा. उजवा आजवर कधी दुखलाच नाही."

भुजंगराव न्हाणीघराकडे पाहू लागले. त्यांच्या डोळ्यांसमोर ती पितळेची दांडी असणार, रिव्हिजन चार.

"दोन. तिकडे सकाळची कॉफी कोण देतो? कोणी नाही. तिकडे चहा, आणि तो मीच करते, अकरा माणसांचा." त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "तीन. मी कमी बोलतों कां? बोलता की. जेवण, तब्येत, कधी येतेस. चार शब्द होतात रोज."

"चार. मद्रासेत तुला काय आवडलं नाही?" आता त्यांचा आवाज जरासा खाली आला. "घाम आवडला नाही. त्याची सवय झाली. कोणी काही विचारायचं नाही, त्याची सवय झाली नाही मला. रडायला यायचं दुपारी."

वैशालीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. भुजंगराव मान खाली घालून विटांकडे बघत होते. या विटा बाराशे डिग्रीच्या होत्या.

काकूंनी कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. मग पुढे वाकून एक लाकूड उचललं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं उचललं, तेही ठेवलं.

"ओलं आहे सगळं," त्या म्हणाल्या. "मघापासून नुसता धूर. आज गच्चीवर वाळत घालते. चांगलं कडक होऊ द्या, मग करू शेकोटी." आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, भाजी चिरायची राहिली म्हणत आत गेल्या.

भुजंगराव माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "पांच नंबरला उत्तर काय आलं? मी ऐकलां नाही."

"काय होतं पाच नंबरला?"

"परत जाणार कां, असं."

मी आत पाहिलं. पलंगावर पातळांची रास तशीच होती. "काका," मी म्हणालो, "लाकडाचं बोलल्या ना त्या आत्ता."

ते लाकडाकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारखान्यात ड्रॉइंगमधली चूक सापडत नसताना पडत असेल तशी.

"सुरूचं ओलं लाकूड वाळायला किती दिवस होणा?"

"ऊन बरं पडलं तरी महिना, दीड महिना."

भुजंगराव बोटांवर दिवस मोजू लागले. दहा बोटं संपली तसे ते थांबले. परतीच्या तिकिटाचा दिवस तो. त्यांनी हात शर्टाला पुसले, पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली आणि पुढे मोजू लागले. त्यांना मोजताना मी तीन वर्षं पाहत होतो. मोजता मोजता हसताना मात्र त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिलं.